बहात्तर हात

आमच्या कपाटाच्या तळाशी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. त्यात कापसात गुंडाळून ठेवलेले चार तुकडे आहेत. पांढरे शुभ्र, काठाशी निळी वेल, आणि त्यांतल्या एकावर अर्धा पक्षी. शेपूट आहे, पाय आहेत, मान मात्र नाही. हा आमच्या आजोबांचा चिनी वाडगा. घरात त्याला अजूनही 'आत्याने फोडलेला वाडगा' असेच म्हणतात. वाडगा फुटला त्याला साठाहून अधिक वर्षे झाली, आत्याला जाऊनही चाळीस झाली, पण त्या वाडग्याला चिकटलेले तिचे नाव काही सुटले नाही.

चिनी म्हणजे खरा चिनी, बरे का! नाही तर आपल्याकडे लोणच्याची बरणीही 'चिनी मातीची'च असते. तिचा चीनशी संबंध नावापुरता. ती आपली जाड, दणकट, दगडासारखी भाजलेली बरणी. खारात वर्षभर मुरते आणि कुरकुरत नाही. माझा तिच्यावर फार जीव आहे. पण ती निराळी जात. खऱ्या चिनी भांड्याची पारख मला आजोबांनी शिकवली होती. वाडगा दिव्यासमोर धरायचा आणि पलीकडून बोटे लावायची. बोटांची सावली भांड्यातून आरपार दिसली पाहिजे. काठाला नखाने टिचकी मारली, तर काशाच्या वाटीसारखा नाद निघाला पाहिजे. हे दोन्ही प्रयोग आजोबा दिवाळीत पाहुण्यांपुढे करून दाखवीत. पाहुणे 'वा!' म्हणत, आणि मग त्याच वाडग्यातून चिवडा घेत.

आजोबा फोर्टातल्या एका पारशी पेढीवर कारकून होते. गेल्याच्या गेल्या शतकात मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांची गलबते कॅन्टनला जात आणि येताना रेशीम, चहा, भरतकामाचे गारे आणि चिनी भांडी घेऊन येत. त्या वैभवाचा शेवटचा अंश म्हणून शेटजींनी आजोबांना हा वाडगा दिला होता. आजीने त्याला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत कधी येऊ दिले नाही. मातीचे भांडे, त्यातून परमुलखाचे! त्यामुळे तो बाहेरच्या खोलीत, काचेच्या कपाटात, आजोबांच्या मोठ्या टिळकचरित्राशेजारी राहिला.

माझी मुलगी नोकरीनिमित्त शांघायला असते. तिच्याकडे गेले तेव्हा तिने विचारले, "आई, तुला काय काय पाहायचं आहे?" तिला वाटले, मी ती प्रसिद्ध भिंत म्हणेन. मी म्हटले, "आपला वाडगा जिथे झाला ते गाव." आणि पिशवीतून डबा काढून दाखवला. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "हे फुटके तुकडे तू विमानातून आणलेस?"

गावाचे नाव जिंगदेझेन. च्यांगशी प्रांतात, डोंगरांच्या कुशीत, च्यांग नावाच्या नदीवर वसलेले. शांघायहून वेगवान आगगाडीने आता काही तासांचाच प्रवास. हे नावही त्याला भांड्यांमुळेच मिळाले. १००४ साली सुंग घराण्याच्या बादशहाने इथली भांडी पाहून आपल्या कारकिर्दीच्या त्या पर्वाचे 'जिंगदे' हे नाव गावालाच देऊन टाकले. तेव्हापासून आजतागायत गाव एकच काम करीत आले आहे. गावातले दिव्यांचे खांबसुद्धा चिनी मातीचे! मला ती हौस जरा जास्तच वाटली. पण हजार वर्षे एकच धंदा करणाऱ्या गावाने थोडे मिरवले तर आपण नावे का ठेवावीत?

गावाबाहेर जुन्या भट्ट्या आणि कारखाने जतन करून ठेवले आहेत. तिथे म्हातारे कारागीर जुन्या पद्धतीने काम करून दाखवतात. आम्ही दोन दिवस तिथेच काढले.

हे भांडे एका मातीचे नसते, हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हते. त्यात दोन वस्तू लागतात. एक पांढरा दगड. डोंगरातून तो काढायचा, फोडायचा, आणि ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या मुसळांखाली कुटायचा. ओढा चाक फिरवतो, चाक मुसळ उचलते आणि सोडते. आपल्याकडच्या कांडपासारखाच आवाज. फक्त कांडणारी बाई नाही. ती पूड पाण्यात ढवळायची. जाड कण खाली बसतात, बारीक वर तरंगतात. वरचे गढूळ पाणी ओतून घ्यायचे, त्याचा साका बसू द्यायचा, आणि तो सुकवून छोट्या पांढऱ्या विटा पाडायच्या. नाचणीचे सत्त्व ज्यांनी घरी काढले आहे त्यांना ही कृती सांगायला नको. दुसरी वस्तू म्हणजे जवळच्या गाओलिंग नावाच्या टेकडीची माती. गाओलिंग म्हणजे उंच कडा. जगभर जिला 'केओलिन' म्हणतात तिला हे नाव या टेकडीवरून मिळाले. दगडाची पूड आचेत वितळून काचेसारखी होते, आणि ही माती न वितळता भांड्याचा आकार धरून ठेवते.

अठराव्या शतकाच्या आरंभी फादर दांत्रकोल नावाचे एक फ्रेंच जेसुइट पाद्री इथे राहत होते. त्यांनी १७१२ आणि १७२२ साली दोन लांबलचक पत्रे मायदेशी धाडून चिनी भांड्यांची बहुतेक सगळी गुपिते युरोपला कळवली. धर्मोपदेश करता करता त्यांनी कारागिरांकडून सारे काढून घेतले. बिचाऱ्यांना बाप्तिस्म्याच्या बदल्यात धंदा द्यावा लागला! त्यांच्या पत्रात एक गंमत आहे. परदेशी व्यापाऱ्यांनी दगडाच्या विटा विकत घेऊन आपल्या देशी नेल्या आणि भांडी करून पाहिली; पण गाओलिंगची माती न्यायचे त्यांना सुचले नाही. भांडी अर्थातच बिघडली. हे सांगताना एक चिनी सावकार पोट धरून हसला होता. हाडांशिवाय नुसत्या मांसाचे शरीर उभे करायला निघाले होते, असे त्याचे म्हणणे. माती म्हणजे हाड आणि दगड म्हणजे मांस. तिथले लोक अजून असेच समजावून सांगतात.

युरोपला या भांड्यांचे वेड किती होते याची कल्पना आज येणार नाही. सॅक्सनीच्या ऑगस्टस राजाने १७१७ साली प्रशियाच्या राजाकडून दीडशेएक चिनी भांडी घेतली आणि बदल्यात आपले सहाशे घोडेस्वार शिपाई देऊन टाकले. त्या शिपायांच्या बायकांना काय वाटले असेल, ते इतिहासात नाही.

चाकापाशी आले तेव्हा मात्र मला एकदम घरी आल्यासारखे वाटले. जमिनीत रोवलेले जड चाक, त्याच्या कडेला खाच, कारागीर वर फळीवर पाय फाकून बसलेला, आणि हातात काठी! काठी खाचेत घालून चार-सहा गरके दिले की चाक भिरभिरत राहते. अगदी आपल्या गावचा कुंभार. मुलीला मी म्हटले, "हे बघ, हे काही परके नाही." पण लगेच फरकही दिसला. आपला कुंभार घट किंवा मडके उतरवतो, सुकले की थापटण्याने थापटतो आणि मग ते भाजायलाच जाते. इथे चाकावरून उतरलेला वाडगा म्हणजे कामाची सुरुवात. तो बोटभर जाड आणि ओबडधोबड असतो, आणि त्याच्या बुडाला मातीचा मोठा गोळा तसाच ठेवलेला असतो. तो किंचित सुकला की साच्यावर पालथा घालून हातांनी थापटायचा, म्हणजे सगळे वाडगे एका मापाचे होतात. मापही पुढचा विचार करून धरावे लागते. कारण भट्टीत भांडे आटते. एक फुटाचा कच्चा वाडगा भाजून निघाला की त्याचे सात-आठ दशांशच उरतात.

मग तो पूर्ण वाळवायचा आणि कोरड्यावरच तासायचा. हे काम करणारे म्हातारबुवा मला सगळ्यांत आवडले. त्यांच्यापुढे वाकड्या टोकांच्या लोखंडी सुऱ्या मांडलेल्या. चाक फिरवायचे, पालथ्या वाडग्याला सुरी लावायची, आणि पीठ उडावे तशी पांढरी धूळ उडते. मधूनच थांबून ते बोटाने टिचकी मारीत आणि कान देऊन ऐकत. आवाजावरून भिंत किती पातळ झाली हे त्यांना कळे. सुरी एक केस खोल गेली की वाडगा वाया. भिंत जाड राहिली की बोटाची सावली दिसायची नाही. आमच्या आजोबांची ती पाहुण्यांपुढची करामत या सुरीने केलेली होती, हे मला त्या दिवशी कळले. म्हातारबुवांच्या भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्या सगळ्या पांढऱ्या झाल्या होत्या. ही धूळ छातीत बसते आणि फुप्फुसे खाते. या कामातली कितीतरी माणसे त्यानेच गेली. म्हातारबुवा अधूनमधून खोकत होते, पण आमच्याकडे पाठ फिरवून.

चितारी ज्या ओसरीत बसतात तिथे मी फसले. मला निळे रंगकाम पाहायचे होते आणि समोर सगळे काळपट राखाडी! रंग कोबाल्टच्या खनिजाचा. एके काळी चांगला रंग इराणकडून येई. दळून पाण्यात कालवला की तो शाईच्या मळीसारखा दिसतो. निळा होतो तो भट्टीत. म्हणजे चिताऱ्याने निळा रंग मनात धरून राखाडी रेघ ओढायची. बरे, कच्ची माती टिपकागदासारखी. कुंचला टेकला की पाणी शोषून घेते. रेघ पुसता येत नाही, थांबताही येत नाही. आणि एवढे करून त्यावर पांढऱ्या दगडाच्या पुडीचे आणि चुन्या-राखेचे दुधासारखे पाणी चढवायचे, की सगळे चित्र त्याखाली गडप! ते पाणी चढवायचीही तऱ्हा असते. लहान भांडी बुडवतात. नाजूक भांड्यांवर, बांबूच्या वीतभर नळीच्या तोंडाला तलम जाळीचे फडके बांधून, फुंकरीने फवारतात. एकदा नव्हे, तीनचार वेळा, कधी सतराअठरा वेळा. ही चकाकी निराळी भाजत नाहीत; माती, रंग आणि चकाकी एकाच आचेत एकजीव होतात. म्हणून माझ्या तुकड्याची कड पाहिली तर माती कुठे संपली आणि काच कुठे लागली ते सांगता येत नाही.

हा बांबूच्या नळीचा तपशील मी ज्या गृहस्थांच्या लिखाणात वाचला ते तांग यिंग. बादशाही कारखान्यावर १७२८ साली त्यांची नेमणूक झाली. दरबारचा अंमलदार, मातीतले ओ की ठो कळत नाही. पण या माणसाने भेटीगाठी बंद केल्या आणि तीन वर्षे कारागिरांबरोबर जेवला, त्यांच्याबरोबर झोपला, आणि काम शिकला. पुढे १७४३ साली चिएनलुंग बादशहाने या कामाची वीस चित्रे पाठवून त्यांच्यावर टिपणे मागवली, ती त्याने लिहिली. आपल्याकडच्या किती साहेबांनी असे केले असते, हा प्रश्न मनात येतो, पण दिवाळीत तो नको.

तांग यिंगने एक गोष्ट नोंदली आहे ती मला चटका लावून गेली. बाह्यरेषा काढणारा रंग भरीत नाही, आणि रंग भरणारा रेषा काढीत नाही. काठाची गोल रेघ ओढणारा निराळा, फुलांचा निराळा, पक्ष्यांचा निराळा, डोंगर आणि पाणी काढणारा निराळा. सगळे झाल्यावर बुडाचा तो मातीचा गोळा कापून पाया कोरणारा आणखी निराळा. तोवर त्या गोळ्याला धरूनच भांडे एका हातातून दुसऱ्या हातात जात असते. १६३७ साली सुंग यिंगशिंग नावाच्या पंडिताने देशातल्या साऱ्या उद्योगांवर एक ग्रंथ लिहिला. त्याने मोजदाद करून ठेवली आहे, की एक पेला पुरा व्हायला बहात्तर हातांखालून जातो.

बहात्तर! ओसरीच्या पायरीवर बसून मी मुलीला म्हटले, "बहात्तर गं!" ती म्हणाली, "हो, इथल्या पाटीवरही तेच आहे." तिला माझ्या आवाजातले काही कळले नाही. कसे कळावे?

शेवटची परीक्षा भट्टीची. भांडी उघडी ठेवीत नाहीत. प्रत्येकासाठी जाड भरड मातीचा डबा असतो, म्हणजे ज्वाळा आणि राख अंगावर येत नाही. असे डबे एकावर एक रचून माणसाच्या दुप्पट उंचीच्या उतरंडी लावतात. भट्टी म्हणजे आडवे ठेवलेले अर्धे अंडे, शेवटाला उंच धुराडे. जळण देवदाराच्या जातीच्या पाइनचे. त्याची ज्योत लांब आणि राख थोडी. तेराशे अंशांच्या आसपास आच जावी लागते. आपल्या कुंभाराच्या आव्यात याच्या निम्म्याहून थोडी अधिक आच असते, यावरून काय ते समजावे. तापमापक यंत्रे नव्हती तेव्हा भट्टीचा मुख्य एका भोकातून आत थुंकायचा आणि थुंकी कशी उडते यावरून आच ओळखायचा. फादर दांत्रकोल लिहितात की रात्री साऱ्या भट्ट्या पेटल्या की सगळे शहरच जळते आहे असे वाटे.

या आगीने माणूसही घेतला आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस वान्ली बादशहाच्या एका खोजा अंमलदाराने अजगरांची चित्रे असलेले प्रचंड रांजण मागितले. रांजण काही केल्या साधेनात. कारागिरांना उपाशी ठेवले, फटके मारले. तेव्हा तुंग पिन नावाच्या एका कारागिराने पेटत्या भट्टीत उडी घेतली. भट्टी उघडली तेव्हा रांजण निर्दोष निघाले, अशी कथा आहे. लोक चवताळून उठले. पुढे त्याचे देऊळ झाले, आणि भट्टीवाल्यांचा तोच देव. त्याचे चरित्र लिहून ठेवले ते याच तांग यिंगने.

भट्टी पुरती थंड व्हायचीही वाट पाहत नसत. कापसाचे दहा पदरी हातमोजे गार पाण्यात भिजवायचे, डोके, तोंड, खांदे ओल्या फडक्यांनी गुंडाळायचे, आणि आत शिरून डबे बाहेर काढायचे. मग उघडून पाहायचे. काही वाकलेले, काही चिकटलेले, काहींचा रंग उडालेला. बादशहासाठी केलेल्या भांड्यात तिळाएवढा दोष निघाला तरी ते फोडून पुरून टाकीत, कारण बादशहाचे भांडे दुसऱ्या कोणी वापरायचे नाही. १९८० नंतर पुराणवस्तू संशोधकांनी जुशान टेकडीपाशी हे ढीग उकरले आणि तुकडे जुळवून भांडी उभी केली. मी ती काचेआड पाहिली. अंगभर सांध्यांच्या रेघा. त्याच काळातला, कोंबड्यांचे चित्र असलेला एक इवलासा धड पेला २०१४ साली हाँगकाँगच्या लिलावात तिथल्या अठ्ठावीस कोटी डॉलरांना गेला. घेणाऱ्याने त्यातून चहा प्याला म्हणून लोक रागावले. मला तर ती त्याची एकच गोष्ट आवडली.

आता मला माझी गोष्ट सांगितली पाहिजे.

१९५९ सालची नरकचतुर्दशी. मी नऊ वर्षांची. पहाटेचा अंधार, चाळीच्या गॅलरीत पणत्या, अंगाला तेल लावून झालेले, आणि न्हाणीघर रिकामे व्हायची वाट पाहत मी बसलेली. आत्याने आदल्या रात्री वाडगा धुऊन बाहेरच्या खोलीत खिडकीच्या कट्ट्यावर पालथा घातला होता. आजोबांसारखी बोटांची सावली पाहावी म्हणून मी तो उचलला आणि पणतीसमोर धरला. सावली दिसली. अगदी छान दिसली. आणि तेलकट हातांतून तो सुटला. त्याच वेळी खाली अंगणात कोणी तरी लवंगी फटाक्यांची माळ लावली, म्हणून आवाज कोणाला ऐकू गेला नाही. पाच तुकडे झाले. पक्ष्याच्या मानेचा लहानसा तुकडा माझ्या पायाशी आला होता. तो मी का उचलला ते आजही सांगता येणार नाही. मुठीत धरून दाराआड जाऊन उभी राहिले.

आत्या आली. खाली बसली. एक तुकडा उचलून तिने त्यावरून बोट फिरवले आणि ते बोट अंगठ्याशी चोळून पाहिले. तेल! तिने दाराकडे पाहिले. मग पदराने एकेक तुकडा पुसला. चारही पुसले. तेवढ्यात आजोबा आले.

"माझ्या हातून निसटला, तात्या," आत्या म्हणाली.

आजोबा तसे रागीट नव्हते. पण त्या दिवशी ते म्हणाले, "तुझ्या हाताला कधी यशच नाही."

आत्या सतराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली होती. त्या वाक्याचा अर्थ वाडग्यापुरता नव्हता, हे मला नऊ वर्षांच्या पोरीलासुद्धा कळले. घरातले सगळे गप्प झाले. त्या दिवाळीपासून आत्याने बाहेरच्या खोलीतल्या वस्तूला हात लावला नाही. कपाट पुसायची वेळ आली की ती मला हाक मारी. त्याच हातांनी ती पापुद्रे सुटे सुटे होणारे चिरोटे करी, माझी वेणी घाली, आजोबांच्या शेवटच्या दुखण्यात तिनेच त्यांचे सगळे केले. तो पाचवा तुकडा मी चौपाटीच्या वाळूत खोल खड्डा करून पुरला. चार तुकडे आत्याने डब्यात ठेवले आणि जायच्या आधी डबा मला दिला. म्हणाली, "तुझ्याकडे राहू दे." आणखी काही बोलली नाही, आणि मीही बोलले नाही. पंचवीस वर्षे होती माझ्यापाशी बोलायला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, माणसे पांगल्यावर, आम्ही पुन्हा त्या तासणाऱ्या म्हातारबुवांकडे गेलो. मी डबा उघडला. त्यांनी हात पाण्यात धुतले, पुसले, आणि तुकडे एकेक करून उजेडात धरले. नखाने कड चाचपली, पायाची कड जिभेच्या टोकालाही लावून पाहिली. मग मुलीशी बोलले. ती मला सांगू लागली.

हा इथलाच. शेदीडशे वर्षांचा असेल. काही मोठा नाही हं. रोजच्या वापराचा, बाजारी माल. असे वाडगे गवतात बांधून नावेने जात, मग डोंगराच्या खिंडीतून हमालांच्या खांद्यावर, आणि पुन्हा नावेने कॅन्टनला. पक्षी घाईने काढला आहे. पण तासणारा चांगला होता. म्हातारबुवांनी तुकडा दिव्यापुढे धरून पलीकडून अंगठा लावला आणि सावली मला दाखवली. आजोबांसारखीच.

मग त्यांनी काही विचारले. मुलगी हसली आणि परस्पर उत्तर देऊ लागली. मी विचारले, "काय म्हणतात?"

"विचारतात, फुटला कसा. मी सांगतेय, आमच्या आत्याआजीच्या..."

"थांब," मी म्हटले. "त्यांना सांग, माझ्या हातून फुटला."

"आई, पण आत्याआजीनं..."

"सांग त्यांना."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने सांगितले. म्हातारबुवांना त्यात विशेष काही वाटले नाही. त्यांनी मान हलवली आणि तुकडे फळीवर जुळवून मांडले. वाडगा जवळजवळ उभा राहिला. पक्ष्याच्या मानेपाशी भोक राहिले, तिथे त्यांनी अंगठा ठेवला आणि भुवया वर केल्या.

"तो नाही," मी मराठीतच म्हटले. ते त्यांना कळले.

जोडणारी माणसे गावात अजून आहेत, असे त्यांनी सांगितले. हिऱ्याच्या टोकाच्या सामत्याने अर्ध्या जाडीपर्यंत बारीक भोके पाडतात आणि धातूचे टाके घालून तुकडे शिवतात. भोकाच्या जागी धातूचे ठिगळ बसते. पाणीसुद्धा गळत नाही. करून घ्यायचे का? मी म्हटले, पुढच्या खेपेला. त्यांनी तुकडे आपल्या हातांनी कापसात गुंडाळले आणि डबा दोन्ही हातांनी मला परत दिला.

परतीच्या गाडीत मुलगी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होती. बाहेर काळोख होता, दिसण्यासारखे काही नव्हते. मग तिने विचारले, "आत्याआजीला माहीत होतं?"

मी तिला तेलाचे सांगितले. पदराचेही सांगितले.

ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने तिने माझ्या मांडीवरचा डबा उचलला आणि आपल्या मांडीवर घेतला. शांघाय येईपर्यंत तो तिच्याकडेच होता.